होडी फिरवायची कोणी? उजनीच्या फुगवट्यावर पाहुण्यांसोबत गळाचा एक दिवस

पार्श्वभूमी

करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याला लागून एक छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. दोन खोल्या, पत्र्याची लांब ओसरी, मागे केळी, पुढे ऊस आणि बांध उतरून गेलं की पाणी. केंद्र चालवतात त्या घरच्या थोरल्या सूनबाई. माणसं आणि गाव ओळखू येऊ नये म्हणून इथे कोणाचं नाव घेतलेलं नाही. त्यांना आपण ताई म्हणू. त्यांचे दीर शेती आणि ट्रॅक्टर बघतात. होडी मात्र घरची नाही, ती नानांची. नाना भोई समाजातले, परवानाधारक मच्छीमार, साठी ओलांडलेले. त्यांचं जुनं गावठाण धरणात गेलं. कुठल्या वाड्याची भिंत पाण्याखाली कुठे आहे हे त्यांना आजही तोंडपाठ आहे, कारण त्या भिंतींच्या आडोशाला मासा थांबतो.

हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला माणसं येतात तेव्हा केंद्र चालतं. मार्च लागला, ऊन चढलं की गर्दी ओसरते. ते रिकामे रविवार भरावेत म्हणून ताईंनी गळाने मासे धरण्याचा दिवसभराचा कार्यक्रम सुरू केला. हे प्रकरण त्यातल्या एका रविवारचं. होळी होऊन गेली होती, पाडवा यायचा होता आणि आदल्या मे महिन्यातली होडी काठावरचं कोणीच विसरलेलं नव्हतं. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. कुगाव करमाळा तालुक्यात, कळाशी पलीकडे इंदापूर तालुक्यात. पाण्यावरून बघितलं तर समोरचं गाव, रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा. म्हणून माणसं होडीत बसतात, आजही.

उजनीचं एक वैशिष्ट्य या दिवसाशी थेट जोडलेलं आहे. माढा तालुक्यात भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला निम्म्याहून जास्त, साधारण 63 टीएमसी, मृत साठा, म्हणजे वापराच्या हिशोबात न धरलेलं तळाचं पाणी. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी उणे इतके टक्के’ अशा बातम्या येतात आणि तरीही डोळ्यांना पाणी दिसत राहतं. फुगवटा पसरट आहे. पातळी हातभर उतरली तरी काठ पार लांब सरकतो. पाण्याच्या मागोमाग शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप आणि केबल सरकत जातात. मधे उरतो गाळ: वरून पापड, खालून पिठलं. त्या आठवड्यात उन्हाळी आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीने पाणी सोडणं, सुरू होतं आणि काठ रोज मागे हटत होता.

पाहुणे आणि त्यांना दिलेला शब्द

पाहुणे सात होते, सगळे सोलापूर शहरातून पहाटे निघून आलेले. टॉवेलचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ (यांना पुतणे म्हणू), त्यांच्या पत्नी, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, माल बघायला आलेले बाहेरगावचे दोन घाऊक खरेदीदार आणि पुतण्यांचे काका. काका मूळचे सोलापूरचेच, पण आयुष्याचा मोठा भाग स्कॉटलंडमध्ये पर्थला गेलेला. पर्थ शहर टे नदीच्या काठावर आहे आणि टे ही सॅल्मनची नामांकित नदी. काकांना तिथे वसंतातल्या सॅल्मनचा नाद लागला. दिवसाचा कार्यक्रम खरं तर त्यांच्यासाठीच होता; पण पैसे पुतण्यांचे आणि पाहुण्यांसमोरची शोभाही त्यांचीच. पुढच्या घडामोडी समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

टे नदीवर हंगाम 15 जानेवारीला सुरू होतो. वसंतात समुद्रातून नदीत शिरणारा सॅल्मन अंडी घालणार थेट शरदाच्या शेवटी, थंडीच्या तोंडावर. तोपर्यंतचे सगळे महिने तो नदीत काही खात नाही, अंगातल्या चरबीवर काढतो. भूक नसलेल्या माशाला गळ तोंडात घ्यायला लावायचं, असा तो खेळ आहे. त्यामुळे दिवसभर बर्फासारख्या पाण्यात उभं राहून हात हलवत परतणं ही तिथे रोजची गोष्ट. मासा लागलाच तरी 31 मार्चपर्यंत तो जिवंत परत सोडावा लागतो, तसा कायदाच आहे. शिवाय त्या नद्यांवर पाहुण्यासोबत ‘घिली’ असतो: नदी ओळखणारा, होडी सांभाळणारा, कुठे उभं राहायचं आणि कधी थांबायचं हे सांगणारा पगारी माणूस. पाहुणा सरदार असो की कारखानदार, होडीत शब्द घिलीचा चालतो.

ताईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर असा होता: ‘स्वतः पकडा, चुलीवर भाजून खा. सकाळी 6 ते दुपारी 4. होडी, गळ, आमिष, जेवण सर्व समाविष्ट.’ जाहिरात म्हणून छानच. पण ‘स्वतः पकडा’ वाचणाऱ्याला मासा मिळणारच असं वाटतं आणि ‘होडी समाविष्ट’ वाचणाऱ्याला होडी चार वाजेपर्यंत आपली आहे असं वाटतं. वारं सुटलं तर काय, हे त्यात कुठेच नव्हतं.

सकाळ: तारा, जॅकेट आणि रिकामे गळ

काकांनी स्कॉटलंडहून पंधरा फुटी, दोन हातांनी फेकायचा कार्बनचा रॉड आणला होता. उतरल्या उतरल्या बांधावरच त्यांनी तो जोडायला घेतला. वरून शेजाऱ्याच्या मोटारीची तार गेलेली. दिरांनी ते बघितलं आणि धावत जाऊन थांबवलं. कार्बनमधून वीज वाहते. लांब रॉड उभा करून तारेखालून चालणं म्हणजे हातात उघडी तार धरण्याइतकंच. काकांना हे सांगावं लागलं नाही, ब्रिटनमध्ये नदीकाठी तारांखाली तशा सूचनांचे फलक असतात. त्यांना एवढंच वाटलं होतं की ही तार बंद असेल, कारण मोटार चालू नव्हती. आपल्याकडे शेतीची लाईट पाळीने येते. या क्षणी मोटार बंद आहे म्हणून तार मेलेली आहे असं धरताच येत नाही. स्वयंचलित स्टार्टर असला तर लाईट आल्याक्षणी मोटार सुरू होते. दिरांनी सगळ्यांना तारेपासून लांब नेलं आणि गाळातून गेलेल्या केबलवर कोणी पाय देऊ नये म्हणून मधे काठ्या रोवल्या. दिवसातला हा सर्वांत नीट झालेला निर्णय. त्याची कोणाला आठवणही राहिली नाही.

दुसरा प्रश्न जॅकेटचा. केंद्रात लाइफ जॅकेट होती, पण सगळी मोठ्या माणसांची. चौदा वर्षांच्या मुलीला एक बसलं. नऊ वर्षांच्या मुलाला घातलं आणि खांद्याला धरून वर ओढलं तर जॅकेट कानांपर्यंत आलं. पाण्यात ते अंगातून निघूनच गेलं असतं. ताई म्हणाल्या, मुलगा होडीत जाणार नाही. पुतणे म्हणाले, “मी मांडीवर घेऊन बसतो.” ताईंनी ऐकलं नाही. मुलगा रडला, त्याची आई त्याच्यासोबत काठावर थांबली आणि पुतण्यांचा चेहरा पडला. एका नकाराने वातावरण बिघडलं होतं. दुसरा नकार द्यायला म्हणून सगळेच कचरायला लागले, हे नंतर ताईंनी स्वतः सांगितलं.

होडीत पाच पाहुणे आणि नाना. नानांनी चार दिवस आधी एका जागी पेंड आणि भाजलेल्या डाळीच्या पिठाचे गोळे टाकून ठेवले होते. चारा टाकलेल्या जागी रोहू, मृगळ जमतात. मृगळ तळाशी खातो, रोहू थोडा वर, आणि कटला त्याहून वर, पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो. जागा निवडलेली बरोबर होती, पण आवर्तनामुळे तिथलं पाणी चार दिवसांत इतकं उतरलं होतं की सकाळी तिथे जेमतेम मांडीभर गढूळ पाणी उरलं होतं. मासा खोल सरकलेला. साडेदहापर्यंत होडीतल्या गळांच्या दोरीवरच्या एकाही बुचाने डुबकी घेतली नाही.

पुतणे एकदा वैतागून म्हणाले, “धरणाचं पाणी एवढं सोडतात तरी कशाला?” नाना हसले फक्त. भीमेत सोडलेल्या उजनीच्या पाण्यावर तेव्हा सोलापूरला पाणी पुरवणारा औज बंधारा भरत होता आणि शहराच्या नळाला चार-पाच दिवसांनी का होईना पाणी येत होतं, हे कारखानदाराला सांगायचं कोणी!

गंमत म्हणजे मासे काठावर लागत होते. दिरांनी त्या मुलाला बांबूची काठी, नायलॉनची दोरी, बारीक गळ आणि गांडुळं दिली होती. उथळ पाण्यात चिलापी (तिलापिया मासा) घरटी करून राखण करत बसते आणि समोर आलेल्यावर तोंड टाकते. होडी दिसेनाशी होईपर्यंत मुलगा रडत होता. नंतर त्याला बादली आणून द्यावी लागली.

अडचण

अकराच्या आधी पुतण्यांनी सुचवलं की जुन्या गावठाणाकडे जाऊ. भिंतींपाशी मासा असतो हे नानांनीच सकाळी गप्पांच्या ओघात सांगितलेलं. जागा पाण्याच्या बऱ्यापैकी मध्यात. नानांनी पश्चिमेकडे बघितलं. इंदापूरच्या बाजूला क्षितिजावर धुळीचा पट्टा उठला होता आणि पाण्यावर लांब कुठेतरी पांढरे तुरे दिसत होते.

“वारं बेस न्हाय. फिरवूया,” नाना म्हणाले.

“आलोच आहोत की. अर्धा तास फक्त. पाहुण्यांना एक तरी मोठा मासा दाखवा,” पुतणे म्हणाले.

नाना गप्प बसले आणि वल्हवत राहिले, गावठाणाच्या दिशेने.

या प्रकरणात अडचण कोणती, असं विचारलं तर बरेच जण वाऱ्याकडे बोट दाखवतील. माझ्या मते अडचण ही होती की होडीतल्या ज्या एकट्या माणसाला धोका कळला होता, त्याच्याच अंगात ‘नाही’ म्हणायची ताकद उरली नव्हती. नानांना पैसे फेरीवर मिळत. लवकर फिरलं तर दुपारची फेरी जाणार, पाहुणे नाराज झाले तर ताई पुढच्या वेळी दुसऱ्याची होडी बोलावणार, निदान नानांना तसं वाटत होतं. समोर बसलेला माणूस साहेब. आणि गावाकडच्या रीतीप्रमाणे पाहुण्याचं मन मोडायचं नसतं. एवढं सगळं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला धुळीचा एक पट्टा, जो कदाचित येणारही नाही.

दहाएक मिनिटांनी लाटा होडीच्या अंगावर आडव्या येऊ लागल्या. काकांनी पुतण्याशी वाद घातला नाही. त्यांनी नानांनाच विचारलं, “नाना, होडीत तुम्ही एकटे असता तर आत्ता काय केलं असतं?”

“कवाच फिरवली असती.”

काकांनी दोरी गुंडाळली, रॉड आडवा ठेवला. “मग फिरवा. इथे तुम्ही मालक.”

पुतणे काही बोलले नाहीत. वडीलधाऱ्यांपुढे बोलता येईना, हेही खरं. म्हणजे एका मानाच्या उतरंडीने जो निर्णय अडवला होता तो दुसऱ्या उतरंडीने सोडवला. काका वयाने मोठे नसते, नुसतेच जाणकार असते, तर काय झालं असतं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

पर्याय

फिरवायचं ठरलं तरी कुठे, हा प्रश्न होताच. नानांनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे तीन वाटा होत्या.

सरळ केंद्राकडे परतायचं, तर सगळी वाट लाटा आडव्या. आडव्या लाटेत होडी डोलते, माणसं घाबरून एका बाजूला सरकतात आणि तिथेच घात होतो. पलीकडचा इंदापूरचा काठ वाऱ्याच्या आडोशाला पडत होता, पण तो गाठायला उघड्या पाण्यातून वाऱ्यावर तोंड करून वल्हवावं लागलं असतं, आणि तिथून पाहुण्यांना रस्त्याने परत आणायचं तर दिवस गेला असता. तिसरी वाट म्हणजे आपल्याच बाजूचं, खालच्या अंगाला पाण्यात घुसलेलं बाभळींचं टेकाड. होडीचं टोक लाटेला जरा तिरकं ठेवून तिथे जाता येत होतं आणि त्यामागे पाणी शांत होतं. अडचण एकच, तिथे उतरायला धड जागा नव्हती. सगळा गाळ.

चौथा पर्याय मी त्यात घालेन: टेकाडाच्या आड जाऊन होडीतच बसून राहणं. नानांनी तो विचारात घेतला नाही, आणि मला त्यांचं पटतं. होडीत एक मुलगी होती, दोघांना पोहता येत नव्हतं, आणि वारं वाढणार की पडणार हे कोणी सांगू शकत नव्हतं. पाय जमिनीला लागलेले बरे.

काय केलं

नाना टेकाडाकडे निघाले. निघण्याआधी त्यांनी सगळ्यांना तळाशी बसवलं, फळीवर कोणाला बसू दिलं नाही, आणि दोन्ही खरेदीदारांना आमनेसामने हलवून वजन सारखं केलं. सकाळपासून हळू आवाजात बोलणारे नाना इथे चक्क ओरडत होते. फिरवण्याचा हुकूम मिळाल्यावर त्यांचा आवाजच बदलला, असं मुलीने नंतर घरी सांगितलं. काकांनी ताईंना फोन लावून जागा कळवली.

दीर ट्रॅक्टर घेऊन निघाले. ट्रॅक्टर गाळाच्या कडेपर्यंतच आला. पुढे घातला असता तर तोही रुतला असता. त्यांनी डोकं चालवून ट्रॉलीत उसाचं पाचट भरून आणलं होतं. ते गाळावर जाड अंथरलं, वर दोन फळ्या टाकल्या आणि एकेकाला हात धरून आणलं. एका खरेदीदाराने फळी सोडून जवळची वाट धरली आणि मांडीपर्यंत रुतला. त्याला ओढून काढताना बूट आतच राहिला. सगळी माणसं बाहेर आली तेव्हा वारं पडायला लागलं होतं. पाऊण तासात फुगवटा पुन्हा सपाट.

“बघा, काही झालं असतं का?” पुतणे म्हणाले.

याला उत्तर देणं सोपं नाही, आणि त्या वेळी कोणी दिलंही नाही. काही झालं नसतं, बहुधा. पण अकरा वाजता नानांसमोर जे दिसत होतं त्यावर त्यांनी ठरवायचं होतं, पावणेबाराला काय झालं त्यावर नाही. वारं पडलं म्हणून परतण्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही. आणि नानांचं ते दहा मिनिटं पुढे वल्हवत राहणंही वारं पडलं म्हणून बरोबर ठरत नाही.

ताटातला मासा

इकडे स्वयंपाकघरात वेगळाच पेच होता. दहा वाजता नानांनी फोनवर ‘अजून काय न्हाय’ सांगितल्यापासून ताईंना दुपारच्या जेवणाची काळजी लागली होती. ‘स्वतः पकडा, चुलीवर भाजून खा’ असं लिहून बसलो आणि बादलीत काय, तर मुलाने धरलेल्या बोटभर चिलाप्या. दिरांचं म्हणणं असं की काठावरच्या दुसऱ्या मच्छीमाराच्या जाळ्यात सकाळी कटला आलाय, तो विकत घेऊ आणि नानांच्या रात्रीच्या गळाला लागला म्हणून सांगू. पाहुणे खूश, खोटं म्हणावं तर फार मोठंही नाही.

ताईंनी कटला विकत घेतला आणि पाहुणे हातपाय धुऊन बसल्यावर सांगून टाकलं की हा विकतचा आहे, कोणाकडून घेतला तेही. कारण त्यांनी मला दिलं ते व्यवहाराचं होतं: ज्याच्याकडून घेतला तो मच्छीमार दुपारी ओसरीवर पैसे न्यायला येणारच होता. काका कारण वेगळं सांगतात. त्यांच्या मते ताईंनी खरं सांगितल्यामुळेच पुतण्यांचा राग निवळला, कारण मग नानांनी वाऱ्याबद्दल सांगितलेलंही खरंच असणार असं वाटायला जागा झाली. मला काकांचं पूर्ण पटत नाही. पुतणे निवळले ते कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोटात गेल्यावर. पण विकतचा मासा लपवला असता आणि मच्छीमार पैसे मागायला उभा राहिला असता, तर सकाळपासूनच्या सगळ्या नकारांवर संशय आला असता, हे नक्की.

मुलाच्या चिलाप्या वेगळ्या तळल्या. काकांनी दुपारी काठावरून आपल्या लांब रॉडने पिसाचा बनवलेला गळ फेकून दाखवला आणि त्यालाही एक चिलापीच लागली. सवयीने त्यांनी ती सोडायला हात पाण्यात घातला. नाना धावले. “पाव्हनं, हिला सोडू नगा, हिनंच आमची बाकीची मासळी हटवली.” आफ्रिकेतली चिलापी भारतात आली 1952 साली, आणि उजनीत आज मच्छीमाराच्या जाळ्यात तिचाच भरणा असतो. त्याच तारखेला टे नदीवर मासा परत न सोडणं गुन्हा ठरला असता. इथे परत सोडणं नानांना गुन्हा वाटत होतं. काका दुपारभर त्यावर हसत होते.

निष्पत्ती

पुतण्यांनी उरलेले पैसे दिले, पण ठरल्यापेक्षा होडी कमी वेळ मिळाली म्हणून त्यातून काही कापून. ताईंनी वाद घातला नाही. बुटाचे पैसे कोणी मागितले नाहीत. पुतणे पुन्हा आले नाहीत. दोन खरेदीदारांपैकी रुतलेले होते तेच पुढच्या हिवाळ्यात कुटुंबाला घेऊन पक्षी बघायला आले. काका परदेशी परतण्याआधी एकटे येऊन राहिले आणि रात्री नानांसोबत गांडुळं लावून वाम, तो सापासारखा लांब मासा, धरायला बसले.

नानांना त्या दिवशी एकाच फेरीचे पैसे मिळाले. ताईंना हे संध्याकाळी हिशोब करताना खटकलं आणि त्यांनी दुसऱ्या फेरीचेही दिले.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी नानांचे पैसे. फेरीवर पैसे देणं म्हणजे लवकर परतणाऱ्या नावाड्याला दंड करणं. आता ताई त्यांना पूर्ण दिवसाची ठरावीक रक्कम सकाळी, होडी पाण्यात जायच्या आधी, पाहुण्यांसमोर देतात. पाहुण्यांसमोर देण्यावर माझा भर आहे: होडी त्या माणसाची आहे आणि त्याला तुमच्या खुशीची गरज नाही, हे न बोलता कळतं.

दुसरं म्हणजे काकांचा प्रश्न अकरा वाजता विचारला गेला. तो सहा वाजता विचारायला हवा होता. ‘वारं आलं तर कोण ठरवणार?’ हे काठावर, शांत पाण्यासमोर, सगळे हसतखेळत असताना ठरलं तर कोणाची शोभा जात नाही. व्हॉट्सॲपच्या मजकुरात आता दोन वाक्यं वाढली आहेत: मासा मिळेलच असं नाही, आणि होडी फिरवायचं नाना ठरवतील, त्याचे पैसे परत मिळणार नाहीत. ती वाचून एका गटाने आरक्षण रद्द केलं. ताईंना वाईट वाटलं. मला वाटतं, तो गट न आलेलाच बरा.

चाऱ्याची जागा आवर्तन सुरू झाल्यावर बदलायला हवी होती. नानांना पाणी उतरतंय हे दिसत होतं, पण चारा टाकायचे पैसे वेगळे मिळत नव्हते, म्हणून पुन्हा टाकला नाही. हाही शेवटी पैशाचाच प्रश्न. लहान मापाची जॅकेट आणली आहेत. ती नसताना मुलाला थांबवलं हे योग्यच होतं. पण पाहुण्यांत लहान मूल आहे हे आठवडाभर आधी माहीत होतं.

आणि मार्चमधल्या पाहुण्यांना होडीत न्यायलाच हवं का, हे तपासायला हवं. त्या दिवशी सर्वांत जास्त मासे नऊ वर्षांच्या मुलाने काठावरून, बांबूच्या काठीने धरले. मोठ्या माणसांना ते कमीपणाचं वाटतं एवढंच.

नानांच्या तोंडून सरळ नकार मात्र अजूनही निघत नाही. त्यांनी आपली युक्ती शोधली आहे: वारं सुटलं आणि पाहुणे ऐकेनात, की ते ताईंना फोन लावतात, स्पीकर चालू करतात आणि नकार ताईंच्या आवाजात होडीत येतो. काठाजवळ हे चालतं. जुन्या गावठाणावर रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून ती फेरी सध्या बंद ठेवली आहे.